मस्तकाचा घाव आणि काळजाची कळ

सन १७९८ च्या ऑगस्ट महिन्याच्या ९ तारखेस नाईल नदीच्या मुखाशीं नांगरून पडलेल्या 'व्हॅन्गार्ड' नांवाच्या इंग्रजी लढाऊ जहाजावरून मुंबईच्या गव्हर्नरास उद्देशून एक पत्र लिहिलें गेलें. लिहिणारा रिअर-अॅडमिरल होरेशियो नेल्सन हा त्या वेळीं चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. आठच दिवसांपूर्वीं त्यानें अबूकीरच्या उपसागरांत बोनापार्टच्या आरमाराचा धुव्वा उडविला होता. फ्रेंचांच्या तेरा मोठ्या लढाऊ जहाजांपैकीं अकरा जहाजें जळालीं किंवा हातीं लागलीं. अवघीं दोन निसटलीं. फ्रेंच सैन्य इजिप्तमध्यें उतरलें आहे, त्याची नजर मुंबईवर आहे, परंतु त्याचा समुद्रमार्ग आतां तुटला आहे, हें गव्हर्नरास वेळेवर कळावें एवढाच त्या पत्राचा हेतु.

असें हें विजयाचें पत्र. परंतु त्याच्या शेवटीं विजयी वीराच्या लेखणींतून सहसा न उतरणारा मजकूर आहे. पत्र असावें तितकें नेटकें उतरलें नसेल तर क्षमा असावी, अशी विनंति नेल्सन करतो. आणि कारण देतो तें असें कीं, डोक्याच्या जखमांनीं आपला मेंदू इतका हादरला आहे कीं बुद्धि सदैव हवी तितकी निर्मळ राहत नाहीं, हें आपलें आपणांसच जाणवतें. तरीहि विवेकाचा एक किरण शिल्लक आहे तोंवर आपलें हृदय आणि मस्तक आपल्या राजाच्या व देशाच्या सेवेंत खर्चीं पडेल, असेंहि तो पुढें लिहितो.

हें पत्र घेऊन लेफ्टनंट ड्यूव्हाल अलेक्झांड्रेट्टा, अलेप्पो, बगदाद आणि बसरा या वाटेनें निघाला आणि ऑक्टोबर महिन्यांत मुंबईस पोंचला. त्या वेळीं मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन हा होता. कोटांतील सेंट थॉमस चर्चमध्यें त्याचें स्मारक आजहि पाहावयास मिळतें. श्रीरंगपट्टणास टिपू सुलतान फ्रेंचांच्या मदतीची वाट पाहत असतां ही वार्ता आली, तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं सुटकेचा निःश्वास टाकला असल्यास नवल नाहीं. पुढें ईस्ट इंडिया कंपनीनें नेल्सनला दहा हजार पौंडांची देणगी दिली. विजयाचें मोल झालें. शेवटच्या चार ओळींतील दुखण्याचा मात्र इतिहासांत फारसा उल्लेख होत नाहीं. त्या दुखण्याचा मागोवा घेतला तर, मस्तकाचा हादरा आणि छातीची कळ हीं दोन दुखणीं एका देहांत नांदूं लागलीं म्हणजे माणसाचें काय होतें आणि तो त्यांतून वाट कशी काढतो, याचा चांगला बोध होतो.

नेल्सनची शरीरयष्टि मुळांतच नाजूक होती. १७५८ च्या २९ सप्टेंबरला नॉरफोक परगण्यांतील एका पाद्र्याच्या घरीं त्याचा जन्म झाला आणि वयाच्या बाराव्या वर्षीं तो आरमारांत दाखल झाला. मुंबईशीं त्याचा संबंध नाईलच्या पत्रापूर्वींचाच आहे. 'सीहॉर्स' नांवाच्या जहाजावर उमेदवारी करीत असतां तो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा मद्रास, कलकत्ता, मुंबई आणि बसरा हीं बंदरें हिंडला आणि हिंदुस्थानच्या हवेंत तापानें इतका खंगला कीं त्याची आशा सुटली. १७७६ च्या मार्चमध्यें, म्हणजे ज्या महिन्यांत पुरंदरचा तह झाला त्याच महिन्यांत, 'डॉल्फिन' जहाजावर घालून त्याला मुंबईहून मायदेशीं रवाना करण्यांत आलें. पुढें १७८० त मध्य अमेरिकेंतील सान हुआनच्या मोहिमेंत पुन्हां तापानें व अतिसारानें त्याला मरणाच्या दारीं नेलें.

त्यानंतर पाळी आली लढाईंतील जखमांची. १७९४ च्या जुलैंत कॉर्सिका बेटांतील काल्व्ही येथें तोफेच्या गोळ्यानें उडालेली माती-दगड तोंडावर बसून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. डोळा बाहेरून धडधाकट दिसे. त्यामुळें, दृष्टि खरोखरच गेली आहे हें सरकारास पटविण्यासाठीं त्याला वैद्यांचे दाखले मिळवावे लागले. १७९७ च्या जुलैंत टेनेरिफ येथें उजवा हात गोळीनें फुटला व तो त्याच रात्रीं कापून टाकावा लागला. हात गेल्याबद्दल कोणी दाखला मागितला नाहीं. रिकामी अस्तनी छातीवर टाचलेली सर्वांस दिसतच होती. दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या जखमेंतील हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

अबूकीरची लढाई १७९८ च्या १ ऑगस्टच्या सूर्यास्ताच्या सुमारास सुरू झाली. रात्रीं रणधुमाळींत शत्रूच्या तोफेंतून सुटलेला लोखंडाचा तुकडा नेल्सनच्या कपाळास लागला. कातडी फाटून डोळ्यांवर लोंबूं लागली आणि रक्तानें त्याला कांहींच दिसेना. कॅप्टन बेरीनें त्याला सांवरून धरलें. आपला शेवट झाला असें समजून त्यानें पत्नीस निरोपहि सांगितला. खालीं शस्त्रवैद्य जेफर्सनकडे नेल्यावर जखम तपासली गेली. ती सुमारें तीन इंच लांब होती आणि कवटीचें हाड इंचभराहून अधिक उघडें पडलें होतें. हाड फुटलेलें नाहीं असें पाहून वैद्यानें कडा जुळवून चिकट पट्ट्या लावल्या, वेदना शमविण्यासाठीं अफू दिली आणि स्वस्थ पडून राहण्यास सांगितलें. वैद्याच्या दृष्टीनें धोका टळला होता.

परंतु स्वस्थ पडणें नेल्सनच्या स्वभावांतच नव्हतें. विजयाचें वृत्त लिहून काढण्यास त्यानें चिटणिसास बोलाविलें. त्याचा हात चालेना, तेव्हां पट्टी बांधलेल्या डोक्यानें आणि डाव्या हातानें त्यानें स्वतःच लिहावयास प्रारंभ केला. फ्रेंच सेनापतीचें प्रचंड 'लोरियां' जहाज पेटल्याची वर्दी येतांच तो उठून वर आला. दुसऱ्या दिवसापासून आरमाराची डागडुजी, कैद्यांची व्यवस्था, सुमारें नऊशें मृत व जखमी खलाशांची हजेरी, दशदिशांस पत्रें, हें सारें सुरू झालें. ज्या दिवसांत मेंदूस निवांतपणा हवा होता, त्याच दिवसांत त्यावर कामाचा डोंगर कोसळला.

परिणाम लवकरच दिसूं लागला. डोकें फुटून जाईल असें वाटतें, सारखें मळमळतें, हाड मोडलें नसलें तरी मस्तक जबर हादरलें आहे, अशा आशयाचा मजकूर त्याच्या ऑगस्टमधील पत्रांत आहे. वरिष्ठ लॉर्ड सेंट व्हिन्सेंट यास, डोकें ठिकाणावर नसल्यामुळें हें पत्र कसेंबसें खरडीत आहें, असें तो कळवितो. नेपल्सच्या वाटेवर ताप आला आणि अठरा तास त्याच्या जिवाची शाश्वति नव्हती. २२ सप्टेंबरला तो नेपल्सला उतरला तों तेथें स्वागताचा जल्लोष उसळलेला. इंग्रज वकील सर विल्यम हॅमिल्टन व त्याची पत्नी एमा यांनीं त्याला घरीं ठेवून घेतलें व त्याची शुश्रूषा केली. पण त्याच घरीं त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त शेंकडों पाहुण्यांची मेजवानी व नाच झाला. दिव्यांचा झगमगाट, वाद्यांचा गजर आणि माणसांची गर्दी! हादरलेल्या डोक्यास याहून वाईट पथ्य शोधूनहि सांपडलें नसतें.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फ्रेंच सैन्याच्या भीतीनें नेपल्सच्या राजघराण्यास वादळी समुद्रांतून पालेर्मोस पोंचवावें लागलें. दुखापतीस सहा महिने झाले तेव्हां, म्हणजे १७९९ च्या फेब्रुवारींत, नेल्सननें एका वडीलधाऱ्या स्नेही बाईस आपली अवस्था कळविली आहे. आपली प्रकृति पूर्वींपेक्षांहि वाईट आहे, मनास बसलेला धक्का भरून निघेलसें वाटत नाहीं, आणि ज्यांनीं आपणांस सदा हंसतमुख पाहिलें त्यांना हा पालट खरा वाटणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. कपाळाची जखम केव्हांच भरली होती. तिचा व्रण केसांखालीं झांकतां यावा म्हणून तो केस पुढें ओढूं लागला होता. बाहेरून पाहणारास आतां नेल्सन बरा झालेला होता.

हें असें कां व्हावें, तें त्या काळच्या वैद्यांस सांगतां येत नव्हतें. मेंदू हादरतो इतकें जुन्या शस्त्रवैद्यांस ठाऊक होतें, पण त्यांची सारी भिस्त कवटी फुटली आहे कीं नाहीं या एका प्रश्नावर असे. आज त्याचा उलगडा बराचसा झाला आहे. सुमारें सव्वा ते दीड किलो वजनाचा मेंदू कवटींत एका द्रवांत तरंगत असतो. डोक्यास जोराचा धक्का बसला म्हणजे हाड शाबूत राहूनहि मेंदू आंतल्या आंत हिंदकळतो आणि त्याच्या सूक्ष्म तंतूंच्या कार्यांत बिघाड होतो. हा बिघाड कांहीं क्ष-किरणांच्या चित्रांत दिसत नाहीं, आणि १९७१ पासून वापरांत आलेल्या सी. टी. स्कॅनमध्येंहि तो बहुधा उमटत नाहीं. डोकेंदुखी, मळमळ, चक्कर, उजेड व आवाज सहन न होणें, निद्रानाश, विस्मरण, चिडचिड आणि उदासीनता हीं त्याचीं लक्षणें. बहुतेकांचीं कांहीं आठवड्यांत ओसरतात. कित्येकांचीं महिनोन् महिने रेंगाळतात. आजार हत्तीच्या पावलांनीं येतो आणि मुंगीच्या पावलांनीं जातो, ही आपली म्हण या दुखण्यास जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशास लागू पडेल.

डोक्याचें हें असें चाललें असतां छातीच्या तक्रारीनेंहि जोर धरला. ही तक्रार मात्र अगदीं नवी नव्हती. नाईलच्या लढाईच्या कांहीं वर्षें आधींच, छातीवर घोड्याचा तंग करकचून आवळल्यासारखें होतें आणि रात्रभर तो सैल करण्याची धडपड चालते, असें वर्णन त्यानें केलेलें आढळतें. १८०० च्या आरंभीं माल्टाच्या वेढ्यावर असतां, दोन दिवसांपूर्वीं हृदयांत कळ येऊन आपण कोसळलों, असें तो लिहितो. १८०१ च्या एप्रिलमध्यें कोपनहेगनच्या लढाईनंतर बाल्टिक समुद्रांत उघड्या होडींत, अंगावर जाड डगला नसतां, त्यानें थंडींत कित्येक तास काढले. त्या महिन्याच्या अखेरीस पुन्हां तसाच झटका आला; त्यानें आपला प्राण जावयाचाच बाकी राहिला होता, असें त्याचें म्हणणें.

छातींत कळ येणें याचा अर्थ त्या पिढींतील शिकलेल्या माणसास चांगलाच ठाऊक होता. विल्यम हेबर्डेन या लंडनच्या वैद्यानें १७६८ त या विकाराचें वर्णन वाचून दाखविलें होतें व तें १७७२ त छापून प्रसिद्ध झालें. चालतांना छाती आवळून येते, थांबलें कीं बरें वाटतें आणि एके दिवशीं माणूस अकस्मात् जातो, असें तें चित्र. १७९३ त जॉन हंटर हा विख्यात शस्त्रवैद्य याच विकारानें, रुग्णालयाच्या सभेंत वादावादी होतांच, मरण पावला होता. नेल्सनला स्वतःचें भवितव्य काय दिसत असेल याची यावरून कल्पना करतां येईल. हृदय तपासण्याचें साधन तर वैद्याजवळ जवळजवळ नव्हतेंच. नाडी पाहावी आणि छातीस कान लावावा. लेनेकची नळी निघाली ती १८१६ त, आणि हृदयाच्या विद्युत्-लहरींचा आलेख काढण्याची युक्ति उपयोगांत आली ती विसाव्या शतकाच्या आरंभीं.

दोन दुखणीं एकत्र आलीं म्हणजे त्यांची नुसती बेरीज होत नाहीं; तीं एकमेकांस खतपाणी घालतात. छातींत धडधड सुरू झाली कीं झोंप उडते. झोंप उडाली कीं दुसऱ्या दिवशीं डोकें ठणकतें. डोकें ठणकलें कीं मनास काळजी लागते आणि काळजीनें पुन्हां छाती धडधडते. त्यांतच हृदयाची गति कमीजास्त करणाऱ्या मज्जातंतूंवर मेंदूचाच ताबा असल्यामुळें, मेंदूच्या हादऱ्यानंतर उठतां-बसतांना नाडी जलद होणें, घाबरें होणें, हे प्रकार घडूं शकतात असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. अशा रुग्णास आपली कोणती पीडा कोठून उद्भवली हें ओळखतां येत नाहीं. आणि ती ओळखतां न येणें हीच त्याची सर्वांत मोठी पीडा होऊन बसते.

शिवाय भोंवतालच्या माणसांचा विश्वास टिकवावा लागतो तो निराळाच. नेल्सननें १८०० त प्रकृतीच्या कारणास्तव विश्रांति मागितली, तेव्हां लंडनमधील आरमारखात्याचा मुख्य लॉर्ड स्पेन्सर यानें त्याला लिहिलें कीं, परक्या दरबारीं स्वस्थ बसून राहण्यापेक्षां इंग्लंडांत प्रकृति लवकर सुधारेल. वाक्य वरवर साधें. पण त्यांतील टोमणा नेल्सनच्या जिव्हारीं लागला. स्पेन्सरचेंहि सर्वस्वी चुकलें होतें असें म्हणतां येत नाहीं. एमा हॅमिल्टनच्या सहवासांत नेल्सन गुंतला होता, हें साऱ्या युरोपांत बोललें जात होतें. आणि १७९९ च्या जुलैंत मिनोर्काकडे जहाजें धाडण्याचा लॉर्ड कीथचा हुकूम त्यानें मोडला होता.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे नेपल्समधील काराचोलोचें प्रकरण. फ्रेंचांस मिळालेल्या या नौसेनापतीस १७९९ च्या २९ जूनला पकडून आणलें, त्याच दिवशीं त्याचा झटपट न्याय झाला आणि सायंकाळीं त्याला जहाजाच्या डोलकाठीवर फांशीं देण्यांत आलें. मुदत द्यावी, निदान गोळी घालून मरण द्यावें, या त्याच्या विनवण्या नेल्सननें ऐकल्या नाहींत. हा कठोरपणा डोक्याच्या जखमेचा परिणाम होता काय, असा प्रश्न कांहीं इतिहासकारांनीं व वैद्यांनीं केला आहे. तें अगदींच अशक्य म्हणतां येत नाहीं. चिडखोरपणा आणि उतावीळ निर्णय हीं मेंदूच्या हादऱ्याचीं लक्षणें आहेतच. परंतु हुकमाबाहेर जाण्याची संवय नेल्सनला जखमेपूर्वींहि होती. १७९७ च्या फेब्रुवारींत सेंट व्हिन्सेंट भूशिराच्या लढाईंत तो हुकमाची वाट न पाहतां रांग सोडून निघाला होता, आणि तेव्हां त्याचें कौतुकच झालें. राज्यक्रांतीविषयींचा त्याचा द्वेषहि जुनाच. म्हणून आजारास सर्व दोष देऊन माणसास मोकळें करणें, किंवा आजाराचा विचारच न करतां माणसास दोषी ठरविणें, हे दोन्ही मार्ग न्यायाचे नव्हेत. ज्याच्या हातीं इतरांचें जीवित आहे, त्यानें आपलें डोकें ठिकाणावर नसतां निर्णय लांबणीवर टाकावा, इतका धडा मात्र काराचोलोच्या मरणांतून निःसंशय निघतो. मुंबईच्या गव्हर्नरास पत्र लिहितांना जी जाणीव नेल्सनला होती, ती त्या दिवशीं त्यानें बाजूस ठेवली.

यानंतरचा नेल्सन पाहिला म्हणजे दुखण्यासह जगण्याची कला तो हळूहळू शिकला असें दिसतें. १८०३ च्या मध्यापासून १८०५ च्या जुलैपर्यंत, जवळजवळ दोन वर्षें, भूमध्य समुद्रांत 'व्हिक्टरी' जहाजावरून त्यानें जमिनीवर पाऊल ठेवलें नाहीं. या काळांतील त्याच्या दिनक्रमाचें वर्णन जहाजाचा शस्त्रवैद्य विल्यम बीटी यानें लिहून ठेवलें आहे. तो पहाट फुटतांच उठे. जेवण अगदीं मोजकें; कोंबडीचा एखादा तुकडा किंवा थोडी मॅकरोनी, भाज्या, आणि मद्य बेताचें. पूर्वीं संधिवाताच्या त्रासासाठीं त्यानें दोन वर्षें मांस व मद्य वर्ज्य करून दूध, पाणी आणि भाजीपाला यांवर काढलीं होतीं. दिवसांतून सहा-सात तास तो जहाजाच्या फळ्यांवर येरझारा घालीत असे. झोंप मात्र त्याला सलग दोन तासहि क्वचितच लागे. पाय भिजले तर एका हातानें मोजे बदलणें अवघड आणि नोकरास त्रास देणें नको, म्हणून जोडे काढून तो गालिच्यावर फिरून मोजे वाळवी. हा हट्ट प्रकृतीस मानवणारा नव्हता, हें सांगणें नकोच.

त्याच्या तक्रारी संपल्या नव्हत्या. १८०४ च्या मे महिन्यांत आरमाराचे वैद्य डॉ. बेअर्ड यांस त्यानें लिहिलें कीं, साऱ्या ताफ्यांत आपलेंच शरीर अधिक मोडकळीस आलें आहे. मस्तकाच्या डाव्या बाजूनें रक्त उसळून चढल्यासारखें वाटतें आणि तें मेंदूवर पसरतांच गाढ झोंप लागते. जखमेस तेव्हां जवळजवळ सहा वर्षें होत आलीं होतीं. पण या पत्रांत १७९९ चा हताश सूर नाहीं. तो दुखणें सांगतो, वैद्याशीं त्याविषयीं बोलतो आणि कामास लागतो. आपल्या कप्तानांस जेवावयास बोलावून आपला बेत तो अगोदरच इतका समजावून देई कीं ऐन वेळीं स्वतः हुकूम देण्याची फारशी गरज पडूं नये. स्वतःच्या प्रकृतीचा भरंवसा नसलेल्या सेनापतीनें करावयाची याहून शहाणी तजवीज कोणती? खलाशांसाठीं लिंबें, कांदे आणि ताजें मांस मिळविण्याची खटपट तो अखंड करी. रोग्यास बरें करणें वैद्यास जितकें सोपें, त्याहून माणसांस निरोगी राखणें अधिकाऱ्यास सोपें असतें, असें त्यानें १८०४ त डॉ. मोझली यांस कळविलें आहे. १८०५ च्या ऑगस्टमध्यें मात्र त्यानें मायदेशीं मर्टन येथील घरीं पंचवीस दिवसांची विश्रांति घेतली आणि मग तो ट्रफाल्गारकडे निघाला.

१८०५ च्या २१ ऑक्टोबरला दुपारीं सव्वा वाजण्याच्या सुमारास त्याला गोळी लागली आणि साडेचार वाजतां त्याचा अंत झाला. देह मद्यांत ठेवून इंग्लंडास आणण्यांत आला. डिसेंबरांत बीटीनें गोळीचा मार्ग शोधण्यासाठीं देह उघडून तपासला. ज्या हृदयाच्या विकारानें आपण जाणार अशी धास्ती नेल्सननें वर्षानुवर्षें बाळगली, तें हृदय त्याला लहानसर आणि घट्ट बांध्याचें आढळलें. झडपा, आवरण आणि मोठ्या रक्तवाहिन्या सर्व निकोप होत्या. आंतील इंद्रियें सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाच्या मानानें तरुणाचींच शोभावींत अशीं होतीं, असा निर्वाळा त्यानें दिला व तो १८०७ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

मग नेल्सनचें दुखणें खोटें होतें काय? असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. हृदयाची लय बिघडणें, छातीच्या स्नायूंची आंकडी, पित्ताचा प्रकोप, जुन्या तापाचे अवशेष, किंवा मेंदूच्या हादऱ्यानें बिथरलेले मज्जातंतू, यांपैकीं एकाचीहि खूण मृत हृदयावर नुसत्या डोळ्यांस दिसणारी नव्हे. बीटीच्या तपासणीनें एवढेंच ठरतें कीं, हृदयाच्या मोठ्या भागांत उघड बिघाड नव्हता. ज्या कळेनें माणूस कोसळला, ती कळ खरीच होती. मोठा रोग सांपडला नाहीं म्हणून वेदना लटकी ठरत नाहीं. आणि वेदना तीव्र आहे म्हणून रोग असाध्य ठरत नाहीं. नेल्सनला जर कोणी हें सांगणारा भेटता, तर त्याच्या कित्येक रात्री भयाविना गेल्या असत्या.

आज असा मनुष्य घरांत असेल तर त्याची स्थिति नेल्सनपेक्षां पुष्कळ चांगली आहे. छातींत कळ आली कीं ती कल्पनेची आहे कीं काळजाची, हें घरच्या घरीं ठरवीत बसूं नये. हृदयाचा आलेख व रक्ताची परीक्षा करून त्याचा निकाल वैद्यानें लावावा. डोक्यास मार लागला असेल तर छायाचित्र स्वच्छ निघालें एवढ्यावरून रोगी बरा झाला असें समजूं नये. दोन्हीं दुखण्यांत विश्रांतीविषयींचें मतहि पालटलें आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा-सहा आठवडे खाटेवर जखडून ठेवण्याची आणि मेंदू हादरलेल्यास दीर्घकाळ अंधाऱ्या खोलींत निजवून ठेवण्याची चाल मागें पडली. आरंभीं एक-दोन दिवसांची विश्रांति, मग सोसेल तितकी हालचाल, ती रोज थोडी वाढविणें आणि त्रास वाढला तर एक पाऊल मागें घेणें, अशी आतां हादरलेल्या मेंदूची शिस्त आहे. हृदयरोग्याचें प्रमाण मात्र त्याच्या वैद्यानें ठरवून द्यावयाचें असतें. 'व्हिक्टरी'च्या फळ्यांवर येरझारा घालणारा नेल्सन नकळत याच वाटेवर होता. नाईलनंतर विश्रांति न घेणारा नेल्सन मात्र तिच्या नेमका उलट चालला होता.

राहतां राहिली ती घरच्या माणसांची गोष्ट. हात तुटलेल्यास कोणी दाखला मागत नाहीं. मस्तक हादरलेल्यास आणि छाती धडधडणाऱ्यास मात्र जन्मभर दाखले द्यावे लागतात, कधीं वरिष्ठांस, कधीं शेजाऱ्यांस आणि पुष्कळदां स्वतःच्या मनास. तो विसरला तर आळशी ठरतो, चिडला तर दुष्ट ठरतो, उगाच बसला तर नाटकी ठरतो. अशा वेळीं नेल्सनसारख्या रणशूरानेंहि, आपली बुद्धि सध्यां हवी तितकी निर्मळ नाहीं, हें परक्या गव्हर्नरास मोकळेपणानें लिहून कळविलें होतें, याची आठवण उपयोगी पडेल. रोग्यानें तितक्याच मोकळेपणानें सांगावें आणि ऐकणारानें तें खरें मानावें. वैद्याचें औषध त्यानंतरच अंगीं लागतें.